राजधानीच्या पुढच्या दारातून

राजगडावर जाणारे बहुतेक लोक चोरदरवाज्यातून आत शिरतात. गुंजवणे गावात गाडी लावायची, जंगलातून डोंगरसोंडेवर चढायचं, शेवटच्या कातळावर रेलिंगला धरून वर सरकायचं आणि तटातल्या एका लहानशा दारातून वाकून आत जायचं. आत पाऊल टाकलं की समोर पद्मावती तळं. पहिला फोटो तिथेच निघतो. कॉलेजात असल्यापासून मीही तीन-चार वेळा याच वाटेने गेलो आहे. वाट छान आहे, थोडी धडकी भरवणारी आहे, आणि रविवारी तिथे चक्क रांग लागते.

पण त्या दाराचं नाव नीट ऐका. चोरदरवाजा. अडचणीच्या वेळी कुणाला न कळता बाहेर पडता यावं किंवा आत येता यावं म्हणून ठेवलेली वाट. माझ्या ऑफिसच्या इमारतीला मागच्या बाजूने एक लोखंडी जिना आहे, आग लागली तर उतरण्यासाठी. समजा उद्यापासून सगळे पाहुणे त्याच जिन्याने वर यायला लागले. त्यांना रिसेप्शन दिसणार नाही, सुरक्षारक्षकाचं टेबल दिसणार नाही, कंपनीचा बोर्डही दिसणार नाही. थेट पॅन्ट्रीतलं कॉफी मशीन दिसेल. इमारत तीच, माणसंही तीच. पण ही कंपनी नक्की कशी चालते, याचा अंदाज मात्र चुकेल.

राजगड हा सुमारे पंचवीस वर्षं राजधानीचा गड होता. राजधानीला पुढचं दार असतं. राजगडाचं पुढचं दार पश्चिम अंगाला, पाली गावाच्या दिशेला उघडतं. त्याचं नावच पाली दरवाजा. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा मित्र ठरवून त्या बाजूने गेलो. शहरात हेरिटेज वॉक करतात तसं, एकेका ठिकाणी थांबत, सतराव्या शतकात एखादा वकील किंवा खलिता घेऊन आलेला जासूद ज्या क्रमाने ही राजधानी पाहत गेला असेल, त्याच क्रमाने. त्या दिवसानंतर माझं मत असं झालं की गडावर काय काय आहे यापेक्षा ते कशानंतर येतं, हे जास्त बोलतं.

राजधानी डोंगरावर का?

पुण्यात वॉक निघतो तो शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती या भागात. सपाट जमिनीवरचं शहर. त्या शहराची मोठी अडचण शिवकाळातच दिसली होती. १६६० मध्ये शायिस्ताखान पुण्यात आला आणि लाल महालातच मुक्काम ठोकून बसला. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीचा छापा घालून त्याला हलवलं, ती गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. त्या गोष्टीत एक साधी वस्तुस्थिती दडलेली आहे. मोठी फौज आली की सपाटीवरचं शहर सोडावं लागतं. छापा स्वतःच्याच घरावर घालावा लागला, कारण घर शत्रूच्या ताब्यात गेलं होतं.

पण याच काळात राज्याचा कारभार बंद पडला नव्हता, कारण कारभार पुण्यात नव्हताच. तोरणा हाती आल्यानंतर समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर महाराजांनी बांधायला घेतला आणि त्याला राजगड नाव दिलं. गुंजवणी, कानंदी आणि वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये उभा असलेला हा डोंगर. मधोमध बालेकिल्ल्याचा उंच कातळ आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. औरंगजेबाच्या दरबारातला इतिहासकार साकी मुस्तैदखान याने राजगडाचा घेर बारा कोसांचा सांगितला आहे. शत्रूच्या बखरनविसालाही हे प्रकरण एखाद्या चौकीएवढं वाटलं नव्हतं.

म्हणजे राजगड हे डोंगरावर वसवलेलं शहर होतं. आता त्या शहरात शिरायचं कुठून?

पाली, आणि पायथ्याचं शिवापट्टण

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालं की नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळायचं. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका हे नाव मिळालं आहे. मार्गासनीला गुंजवण्याचा रस्ता वेगळा होतो. शनिवारी सकाळी आमच्या पुढच्या दहा गाड्यांतल्या आठ तिकडे वळल्या. आम्ही सरळ विंझरच्या दिशेने गेलो.

पालीत एक आजोबा कुंपणाच्या काट्या बांधत बसले होते. वाट विचारली तर म्हणाले, "गुंजवण्यातनं गेला असता तर लवकर पोचला असता. हिकडनं लांब पडतं पोरांनो."

मी म्हटलं, "आजोबा, पण राजांचा रस्ता हाच ना?"

"रस्ता हाच. पण राजाला घाई नव्हती. तुमाला असती."

सरकारी दप्तरात या गावाची नावं पाल बुद्रुक आणि पाल खुर्द अशी आहेत. गड चढणारे मात्र पालीच म्हणतात. याच परिसरात शिवापट्टण होतं, म्हणजे राजगडाच्या पायथ्याची शिवकालीन वस्ती. राज्य पुरातत्त्व विभागाने इथे उत्खनन केलं आणि वाड्याची जोती उजेडात आली. पाहायला गेलात तर डोळे दिपतील असं काही नाही. दगडी जोत्यांच्या रेषा, इमारतीचा नकाशा जमिनीवर खडूने काढावा तशा. भिंती नाहीत, छप्पर नाही.

तरी माझ्या मते आमच्या वाटेवरचं हे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण होतं. आपण गडाचा विचार करताना फक्त वरचा विचार करतो. पण राजधानीला घोडे लागतात आणि घोड्यांना चारा लागतो. धान्य वाहून आणणारे बैल लागतात, लोहार लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मुक्कामाची जागा लागते. हे सगळं कातळावर मावणार नाही. त्यातलं बरंचसं पायथ्यालाच असणार. गड हा या शहराचा वरचा मजला, आणि शिवापट्टण हा तळमजला. गुंजवण्याकडून गेलं की हा तळमजला दिसतच नाही. मग गड एकटाच, हवेत लटकल्यासारखा वाटतो.

दोन दरवाजे आणि मधला रस्ता

पालीकडून चढ सुरू झाला की पहिली गोष्ट जाणवते ती रुंदी. ही वाट एकामागे एक जायची नाही. जागोजागी दोघे-तिघे शेजारी शेजारी चालू शकतात. वरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत. चोरदरवाज्याच्या वाटेवर हात रिकामे ठेवावे लागतात. इथे पालखी येऊ शकते, ओझ्याची जनावरं येऊ शकतात. कुणासाठी वाट बांधली आहे, हे तिची रुंदीच सांगते.

मग पहिला दरवाजा येतो. कमान उंच आणि रुंद. अंबारीसह हत्ती आत जाईल अशी ख्याती आहे. हत्ती इथवर चढून यायचे की नाही हा भाग सोडून देऊ, पण कमान बांधणाऱ्याला समोरच्यावर छाप पाडायची होती एवढं नक्की. इथून साधारण दोनशे मीटर पुढे दुसरा दरवाजा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना भक्कम बुरूज, आणि तटात जंग्या, म्हणजे आतून बंदुकीचा नेम धरण्यासाठी ठेवलेल्या फटी.

या दोनशे मीटरवर आम्ही बराच वेळ थांबलो. पहिल्या दरवाज्यातून तुम्हाला आत घेतलेलं असतं, पण तुम्ही अजून गडात नसता. वरून तुम्ही पूर्ण दिसता. तुम्हाला वरचं काही दिसत नाही. मित्र असाल तर हा स्वागताचा रस्ता आहे, शत्रू असाल तर सापळा. बांधकाम एकच आहे. आत कोण येतं आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. माझ्या कामात सर्व्हरपर्यंत पोचणारी प्रत्येक विनंती आधी एका बाहेरच्या थरात थांबवून तपासतात आणि मगच आत सोडतात. तो थर कशासाठी असतो हे नव्या मुलांना समजावताना मी आता या दोनशे मीटरचं उदाहरण देतो.

दारांइतकीच दारांवरची माणसंही विचारपूर्वक नेमलेली होती. शिवकाळात गडाचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, आणि धान्य-साहित्याचं पाहायला कारखानीस. मोठ्या गडावर तटाचे भाग पाडून त्यांवर तटसरनोबत नेमत. एकटा कुणी फितूर झाला तरी गड देऊ शकणार नाही, ही त्यामागची व्यवस्था. हे पुस्तकात वाचताना पाठांतराचं वाटतं. दरवाज्याच्या सावलीत बसून वाचलं की कळतं, इथे प्रत्येक संध्याकाळी कुणीतरी खरोखर हे दार लावत होतं आणि किल्ली कुणाकडे हे ठरलेलं होतं.

उलटं वाचलेलं पान

दुसरा दरवाजा ओलांडून आपण वर येतो ते पद्मावती माची आणि बालेकिल्ला यांच्या जवळ. डावीकडे माचीवर निघालं की वाटेत एक चौथऱ्याची वास्तू लागते. तिला सदर म्हणतात. तिथून पुढे दारूकोठार, अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, मग राजवाड्याचे अवशेष, मग रामेश्वराचं देऊळ, पद्मावतीचं देऊळ, सईबाईंची समाधी, आणि माचीच्या पार टोकाकडे पद्मावती तळं. तळ्याच्या पलीकडे तटात चोरदरवाजा.

आता गुंजवण्याकडून आलेल्या माणसाचा क्रम पाहा. आधी तळं, मग देवळं, मग राजवाडा, मग कोठारं, आणि सगळ्यात शेवटी सदर. तोवर पाय दुखायला लागलेले असतात, बालेकिल्ला खुणावत असतो. सदरेवर कोण थांबतं? पान तेच, पण खालून वर वाचलेलं.

सरळ वाचलं की पान बोलायला लागतं. दारातून आलेल्याला आधी कारभाराची जागा, मग साठवणीची, मग राहण्याची, मग देवाची आणि सगळ्यात आत पाण्याची. जे सगळ्यात मोलाचं, ते पुढच्या दारापासून सगळ्यात लांब. चोरदरवाजा पाण्याजवळ आणि राहत्या जागेजवळ आहे, त्याचाही उलगडा होतो. वेळ पडली तर आतल्या माणसांना बाहेर पडायचं होतं. बाहेरच्यांनी तिथून यावं अशी अपेक्षाच नव्हती.

सदरेबद्दल तर अभ्यासकांत मतभेदही आहे. काहींच्या मते ही सदर नव्हेच, तटसरनोबताचं घर आहे. कोणतं बरोबर हे मी इंजिनिअर कोण ठरवणार? पण पाली दरवाज्यातून आल्यामुळे हा वाद मला पहिल्यांदाच समजला. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस या चौथऱ्यावरून दिसतो. राजाची बैठक असेल तर ती मुद्दाम आलेल्याच्या वाटेवर आहे. तटावरच्या अधिकाऱ्याचं घर असेल तर तो आपल्या दारावर लक्ष ठेवून आहे. दोन्ही मतं जागेवर उभी राहतात, आणि दोन्हींना अर्थ येतो तो पालीची वाट पायाखाली असेल तरच. तळ्याकडून आलं की हा फक्त आणखी एक चौथरा.

इथे काय काय घडलं

पद्मावतीच्या देवळासमोर सईबाईंची समाधी आहे. सप्टेंबर १६५९ मध्ये त्या याच गडावर गेल्या. तेव्हा अफझलखान स्वराज्यावर चालून आला होता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली तो मारला गेला. आपण हे दोन प्रसंग वेगवेगळ्या धड्यांत वाचतो. एक घरातला, एक रणातला. समाधीपाशी उभं राहिलं की मधले दोन महिने दिसतात. संभाजीराजे तेव्हा दोन वर्षांचे होते.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. राहिलेल्यांत राजगड होता. मार्च १६६६ मध्ये महाराज इथूनच आग्र्याला निघाले आणि मागे कारभार जिजाबाईंच्या हाती होता. सुटका झाल्यावर परत आले तेही राजगडावरच. फेब्रुवारी १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच.

बालेकिल्ल्याचा चढ छातीवर येणारा आहे. महादरवाजा ओलांडून वर गेलं की चंद्रतळं आणि वाड्यांचे अवशेष. वरून एका बाजूला तोरणा, एका बाजूला सिंहगड दिसतो. खाली तीनही माच्या पसरलेल्या. मित्र म्हणाला, "हा शहराचा गुगल मॅप आहे." खरं आहे, फक्त हा मॅप शेवटी उघडायचा असतो. आधी गल्ल्या चालल्यावर.

पुढे राजधानी रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ ला राज्याभिषेक तिथे झाला. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड घेतला आणि त्याचं नाव नबीशाहगड ठेवलं. १७०७ मध्ये, औरंगजेब गेल्यावर, मराठ्यांनी तो परत जिंकला. नवं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नंतर हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे राहिला आणि १९४८ मध्ये भोर संस्थान भारतात विलीन झालं. राजधानी गेल्यावर पुढच्या दाराला पुढचं दार म्हणायचं कारणच उरलं नाही. खलिते घेऊन कुणी येत नव्हतं. पुढे ट्रेकर आले, ते पुण्याच्या बाजूने आले, आणि पुण्याहून येणाऱ्याला गुंजवण्याचा फाटा आधी लागतो. एवढ्या साध्या कारणाने राजधानीचं तोंड फिरलं.

वाट हासुद्धा अवशेष आहे

असं फक्त राजगडाचंच झालेलं नाही. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. वयस्कर माणसांना, ज्यांना चढवत नाही त्यांना, त्यामुळे रायगड पाहता आला. माझ्या आजीनेही तो तसाच पाहिला आणि मला त्याचा आनंदच आहे. पण रोपवेने गेलेला माणूस मेणा दरवाज्याच्या बाजूने, म्हणजे राण्यांच्या महालांकडून आत शिरतो. महादरवाजा, ज्याच्यासमोर उभं राहिल्यावर रायगड काय आहे ते कळतं, तो खालीच राहतो. आजीला मी घरी येऊन महादरवाज्याचा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हा कुठे होता?"

पेरू देशात माचू पिचू नावाचं इंका लोकांचं डोंगरावरचं शहर आहे. बहुतेक पर्यटक तिथे बसने जातात. पण इंकांची जुनी दगडी वाटही जपलेली आहे. ती चालत जाणारे 'इंती पुंकू' म्हणजे सूर्यदरवाज्यातून येतात आणि तिथून त्यांना शहर पहिल्यांदा दिसतं. त्या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसांना परवानगी मिळते, हमाल आणि वाटाडे धरून. इंकांचं रस्त्यांचं जाळं तर २०१४ मध्ये सहा देशांनी मिळून जागतिक वारशाच्या यादीत नेलं. तिथे रस्त्यालाच वारसा मानलं आहे.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले त्याच यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, जिंजी. राजगड त्यात आहे. या नावातला 'भूप्रदेश' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. तट आणि बुरूज यांच्याबरोबर डोंगर, खोरी आणि वाटा मिळून किल्ला होतो, असं तो शब्द सांगतो. मग पायथ्याची पाली, शिवापट्टणाची जोती आणि तिथून वर जाणारा रस्ता हेही त्या भूप्रदेशातच आले. नाव मिळाल्यावर गर्दी वाढेल. गर्दी वाढली की पार्किंग लागेल, हॉटेलं येतील, जमिनीचे भाव चढतील, आणि ज्या शेताखाली जुनं जोतं आहे त्याच शेतात एखादा रिसॉर्टचा पायाही खणला जाऊ शकतो. पडका बुरूज दिसतो, म्हणून त्यासाठी लोक भांडतात. बुजलेल्या रस्त्यासाठी कुणी भांडत नाही, कारण तो तिथे होता हेच माहीत नसतं.

यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. लहान आहे. पालीपासून सुरू होणारी एक वाट ठरवावी. शिवापट्टण, पायऱ्यांचा चढ, पहिला दरवाजा, मधले दोनशे मीटर, दुसरा दरवाजा, सदर, कोठारं, वाडा, देवळं, समाधी, तळं आणि शेवटी बालेकिल्ला. प्रत्येक ठिकाणी मराठीत चार ओळींचा फलक, शक्य तर पालीतल्याच मुलामुलींनी वाटाडे व्हावं आणि त्यांना त्याचे पैसे मिळावेत. चोरदरवाजा बंद करायला नको. उतरायला तो उत्तम आहे, आणि शेवटी त्यातून बाहेर पडताना तो कशासाठी होता हे आपोआप कळतं.

तोवर फलकांची वाट बघायची गरज नाही. अडीच-तीन तासांचा चढ आहे, पाणी बरोबर घ्या, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात म्हणून हिवाळ्यात जा. मॅपमध्ये 'राजगड' टाकून सुटू नका, आधी 'पाली' टाका. तो थोडा लांबचा रस्ता दाखवेल. दाखवू दे.